गिरणीवाली अक्का

विकतच्या पिठाची पिशवी फोडली की मला आमच्या चाळीसगावकडच्या गिरणीवाल्या अक्काची आठवण येते. भुवयांवर कायम पीठ, आणि दळण देताना प्रत्येकाला, "गरम शे, जपीसन ल्या."

तिचा नवरा प्यायचा. मुलीला पाहायला पाहुणे येणार होते, तेव्हा आम्ही शेजारी म्हणालो, "आज त्याला शेतात पाठव." तिनं उलट त्याला धुतलेला सदरा घालून पाहुण्यांसमोर बसवलं.

"हाऊ पोरना बाप शे. दारू पेस," ती म्हणाली. मग पाहायला आलेल्या मुलाकडे वळली. "आते तू सांग भाऊ, तू पेस का?"

मुलानं मान खाली घातली.

"चहा ल्या. पन पोर देत नही."

पाहुणे गेले. नवरा हळूच म्हणाला, "बरं करं तू."