ओढ्यावर कारण विचारायचं नाही

अविनाश गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या कॉन्फरन्स कॉलवर होतो. बायकोचा फोन आला, हेडसेट एका कानावरून सरकवून मी तो घेतला. "अविनाश गेला," एवढंच ती म्हणाली, आणि तेवढ्यात पलीकडून कुणीतरी माझं नाव घेऊन टेस्टिंग कधी संपणार म्हणून विचारलं. शुक्रवारपर्यंत, मी म्हणालो. आवाज नेहमीसारखाच होता. कॉल संपेपर्यंत बसून राहिलो, मुद्देही लिहून घेतले... या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, कसा आहेस, आणि मला खरंच सांगता येत नाही. रडू आलेलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं काहीसं चाललंय. त्या बधिरपणातही एक गोष्ट मात्र टोचत होती. मेधावहिनींनी, म्हणजे अविनाशच्या बायकोने, इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनी गावातल्या निम्म्या मराठी घरांना स्वतः फोन करून बातमी दिली होती. मला केला नव्हता. बायकोलाही ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं.

अविनाश सोलापूरचा. पाणी टँकरमधून येतं असं मानणाऱ्या गावातला माणूस, म्हणून मी त्याला चिडवायचो. त्यावर तो आम्हा नागपूरकरांच्या उन्हाळ्यावर घसरायचा. २००२ साली आमच्या कंपनीत माणसं कमी करण्याचं सत्र सुरू होतं, व्हिसा टांगणीला लागलेला, आणि शनिवार-रविवार घरात बसून ईमेल बघण्यापलीकडे आम्हा दोघांना काही सुचत नव्हतं. अशात हा एके दिवशी माझ्या क्यूबिकलमध्ये आला आणि म्हणाला की काउंटीच्या पार्कात वल्हं मारायला शिकवतात, आपलं दोघांचं नाव घातलंय. मला पोहणं जेमतेम येत होतं. त्याला बरं येत होतं, पण ते विहिरीतलं.

क्लासनंतर त्याने एक जुनी कनू विकत घेतली. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती होडी, एकाने पुढे गुडघे टेकून बसायचं, एकाने मागे. मी पुढे असायचो, तो मागे. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्यातून पायजमा न भिजवता पलीकडे जाता येतं. पण मार्चमध्ये वरच्या टेकड्यांवरचं बर्फ वितळलं की तोच ओढा दगडांवरून फेसाळत, घुमत खाली येतो. ते पाणी दोन-तीन आठवडे टिकतं. त्या दिवसांत आम्ही कुणाचं लग्न, मुंज, वाढदिवस काही जुमानायचो नाही. मेधावहिनी आम्हाला होडीसकट वर सोडायच्या आणि गाडी घेऊन खालच्या पुलावर जाऊन थांबायच्या. थंडी अशी असायची की बोटांना वल्हं लागतंय की नाही तेही कळायचं नाही. पण पहिल्या उतरणीवरून होडी खाली घसरली की मी ओरडायचो, मागून तो ओरडायचा, आणि व्हिसा, मॅनेजर सगळं डोक्यातून साफ धुऊन निघायचं.

शिकवणाऱ्या बाईंनी क्लासमध्ये एक नियम सांगितला होता. अवघड उतरण आली की होडी काठाला लावायची, उतरून चालत पुढे जायचं आणि पाणी बघायचं. मग दोघांपैकी एकानेही नाही म्हटलं, तर ती जागा टाळायची. होडी उचलून काठाकाठाने चालत जायचं आणि पुढे पुन्हा पाण्यात सोडायची. कारण विचारायचं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. हा नियम अविनाशने पाळावा याचं मला कायम नवल वाटायचं. मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये गणपतीच्या जेवणाला मसालेभात की साधा वरणभात यावर हा माणूस दोन-दोन तास भांडायचा. समोरच्याने हार मानली तरी का मानली ते विचारायचा. पण ओढ्यावर मी एकदा अगदी साध्या जागी नाही म्हणालो, निव्वळ घाबरून, आणि त्याने पाण्याकडे परत एकदा बघितलंसुद्धा नाही. "चल, उचलूया," म्हणाला आणि मागचं टोक खांद्यावर घेतलं. मग काट्यांतून, बुटांत बर्फ जात, पडत-धडपडत आम्ही चाललो, आणि तो सारा वेळ मला सोलापूरच्या कुठल्याशा खानावळीच्या शेंगाचटणीबद्दल सांगत होता. ऑफिसात, घरात, कॉन्सुलेटमध्ये, सगळीकडे मला माझी कारणं द्यावी लागत होती. एका त्या ओढ्यावर लागत नव्हती. म्हणून मी त्याच्यावर जीव टाकायचो, हे आता लिहायला हरकत नाही.

गेल्या वर्षी, २००७च्या उन्हाळ्यात, त्याच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. केमोच्या पहिल्या फेरीने तो पार उतरला. डॉक्टरांनी दुसरी सुचवली, थोडे महिने मिळतील म्हणाले. तेव्हा वहिनींचा मला फोन आला. "भाऊजी, सेकंड राउंडबद्दल तो नुसतं 'बघू, बघू' करतोय. तुमचं ऐकेल तो. प्लीज, त्याला कन्व्हिन्स करा." मी रविवारी गेलो. इंटरनेटवरून दोन-चार कागद छापून नेले होते, काय बोलायचं ते गाडीत घोकलं होतं. वहिनी चहा करायच्या निमित्ताने किचनमध्ये गेल्या. अविनाश रिक्लायनरमध्ये पांघरूण घेऊन बसला होता. मी खिशातून कागद काढले. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी नाही म्हणतोय, यार," तो म्हणाला.

मी कागद घडी करून परत खिशात ठेवले. पुढे आम्ही काय बोललो ते धड आठवत नाही. कुणाच्या तरी नव्या गाडीबद्दल असावं... निघताना वहिनी दाराशी आल्या, त्यांनी नजरेनेच विचारलं, मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांचा चेहरा मिटला. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा चहा आला, खायला आलं, पण त्या समोर बसल्या नाहीत. आणि तो गेल्यावर सगळं उरकलं तेव्हा, परक्या पाहुण्याला सांगावं तसं मला म्हणाल्या, "जेवून जा." मी चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या मला कधी माफ करतील असंही वाटत नव्हतं, आणि अविनाशच्या पाठोपाठ ते घरही मला बंद होणार हे मी धरून चाललो होतो.

मागच्या शनिवारी त्यांचा फोन आला. ओढ्याला पाणी आलंय, मी उद्या पुलावर जाणार आहे, येता का? होडीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मी पोहोचलो तेव्हा त्या कठड्याशी उभ्या होत्या. खालून पाणी धडधडत जात होतं. इतकी वर्षं मी त्या पुलाकडे पाण्यातूनच आलो होतो. वरून ओढा किती अरुंद दिसतो हे मला माहीतच नव्हतं. मग पाण्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही त्याला काहीच का विचारलं नाहीत?"

मी त्यांना नियम सांगितला. तो त्यांना आजवर कुणी सांगितलाच नव्हता. आम्हाला कधी उशीर व्हायचा तो वाटेत गप्पा छाटत बसल्यामुळे, असंच त्या इतकी वर्षं धरून होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नियम चांगला आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण भाऊजी, त्या वेळी होडीत त्याच्याबरोबर तुम्ही नव्हतात. मी होते. 'नाही' तो तुम्हाला म्हणाला. मला शेवटपर्यंत 'बघू'च म्हणत राहिला. मला म्हणाला असता तर मीही उचलली असती."

तो त्यांना का म्हणाला नाही, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. वहिनींचे डोळे कोरडे होते, माझेही. वारा बोचरा होता, तेव्हा त्याच म्हणाल्या की गाडीत बसूया. दार उघडलं आणि गरम हवेचा लोट तोंडावर आला. आम्ही ओढ्यातून गारठून यायचो, म्हणून पुलावर पोहोचल्यापासून त्या इंजिन सुरू ठेवायच्या आणि हीटर पूर्ण वर. मागच्या सीटवर दोन मोठे टॉवेल पसरलेले होते. आज पाण्यात कुणी गेलंच नव्हतं. वहिनी स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या काचेतून ओढ्याच्या वरच्या वळणाकडे बघत बसल्या. मी शेजारी बसलो, आणि त्यांना काही विचारलं नाही.