तांबडमान्याचा एक पाय

नोकरीत असताना तिला सगळे नकाशेबाई म्हणत, आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव काही सुटलं नाही. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं तिने जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले. त्यातला एकही नळ तिने स्वतः पाहिला नव्हता. माणसं खड्ड्यात उतरून मापं घ्यायची, चिखलाच्या हातांनी कागदावर आकडे खरडायची, आणि ही उतरत्या टेबलाशी बसून त्या आकड्यांचा नळ करायची. इतका खोल, इथे वळण, इथे जोड. पुढे कधी कुणी खणलं तर नळ बरोबर तिथेच सापडायचा. याचा तिला फार अभिमान होता, आणि अभिमान लपवायची कला तिला कधी साधली नाही.

निवृत्तीनंतर माणसं झोपा काढतात. हिच्या डोक्यात किडे वळवळायला लागले. हिवाळ्यात तर विचारायलाच नको. सकाळी धुकं असेपर्यंत कॅमेरा गळ्यात अडकवून तळ्यावर, दुपारी ऊन खिडकीत आलं की कात्री, डिंक नि कोरणी, आणि आठवड्यातून एकदा ऑफिसातल्या दोन जुन्या मैत्रिणींबरोबर बसने कुठेतरी भटकंती. कोळ्याच्या जाळ्यावरचे दवाचे थेंब सारख्या अंतरावर का असतात, हे पाहायला ती एकदा फूटपट्टी घेऊन गेली होती. पानं सोड्यात उकळली की नुसत्या शिरा उरतात असं कुठेतरी वाचलं, तर त्यासाठी घरातलं सगळ्यात चांगलं पातेलं कामी आलं. पानांची जाळी सुरेख निघाली. पातेलं गेलं ते गेलंच.

या सगळ्याला तिचा दादा एकच म्हण लावायचा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. दादा तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, शेजारच्याच गल्लीत राहणारा. जन्मभर औषधाच्या दुकानात कंपाउंडर होता. थेंब मोजून औषध देणारा माणूस, त्यामुळे बोलणंही थेंबाथेंबाने. पण स्वतः हा गृहस्थ गेली चौतीस वर्षं पक्षी बघत हिंडतोय आणि दिसलेला प्रत्येक पक्षी एका जाड वहीत लिहून ठेवतोय, हे कोणत्या न्हाव्याचं काम, असं विचारलं की तो ऐकू न आल्यासारखं करी. वहीचा नियम कडक होता. स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिल्याशिवाय नोंद नाही. जरा शंका असली तरी पुढे प्रश्नचिन्ह.

एक पक्षी मात्र त्या वहीत नव्हता. दादा एकोणीस वर्षांचा असताना त्याने तळ्याच्या काठी एक पक्षी पाहिला होता. मुठीपेक्षा जरा मोठा, लांब चोच, मान विटेसारखी लाल, भुवईच्या जागी पांढरा पट्टा, एका पायावर उभा. घरी येऊन सांगितलं तर सगळे हसले. असला पक्षी या भागात नसतोच, असं त्याच्या शाळेतल्या जुन्या सरांनीही सांगितलं आणि डोळे तपासून घ्यायचा सल्ला दिला. विश्वास ठेवला तो फक्त नऊ वर्षांच्या बहिणीने. दोघांनी मिळून त्याला नावही दिलं, तांबडमान्या. त्यानंतर पन्नास वर्षं दादा प्रत्येक हिवाळ्यात त्या तळ्यावर गेला, आणि तांबडमान्या काही परत आला नाही.

या हिवाळ्यात नकाशेबाईंच्या डोक्यात नवा किडा शिरला. न पाहिलेला नळ काढता येतो, तर न पाहिलेला पक्षी का नाही? दादाचं वर्णन तिला तोंडपाठ होतं. तिने हलक्या लाकडाचा ठोकळा घेतला, आठ दुपारी कोरला, पॉलिशपेपरने घासला, तैलरंग दिले. मानेच्या रंगासाठी खरी वीट आणून शेजारी ठेवली. पाय म्हणून सायकलच्या चाकातली एक तार पोटात रोवली. एकच. दादाने दुसरा पाय पाहिलाच नव्हता, मग ती मनाने कसा लावणार?

पक्षी झाला तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. खऱ्या पक्ष्यांना हा खोटा आहे हे कळेल का? दादाला विचारण्यात अर्थ नव्हता, पुन्हा न्हावी निघाला असता. म्हणून सोमवारी पहाटे तिने एकटीनेच जाऊन काठाजवळच्या पाण्यातल्या एका खुंटावर तो पक्षी रोवला आणि लांब बसून टिपणं काढली. मंगळवार, बुधवार तेच. गुरुवारी मैत्रिणींबरोबर जुन्या धरणाच्या भिंतीवर शेवाळाचे फोटो काढायला जायचं ठरलं होतं, म्हणून पक्षी तसाच ठेवून ती गेली. संध्याकाळी बसमधून उतरली ती थेट तळ्यावर, पक्षी उपटून पिशवीत घातला आणि घरी आली.

शुक्रवारी सकाळी दादा दारात. गुडघे धरल्यामुळे तो हल्ली जिने चढत नसे, आणि आज दोन जिने चढून आलेला. बसलाही नाही. आपल्या कॅमेऱ्याचं कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, ‘‘चिंगे, आला गं तो. काल. पंधरा मिनिटं एका जागी उभा होता. इतका निवांत पक्षी मी जन्मात पाहिला नाही.’’

कोपऱ्यातल्या पिशवीकडे तिची नजर गेली. काही बोलण्याआधीच त्याने बाकीचंही सांगून टाकलं. वहीत नोंद केली, शाईने, प्रश्नचिन्ह न लावता. रविवारी पक्षीमंडळाची सभा आहे, चौदा जण येणार, त्यांना फोन करून झाले, अजून दोघांना करायचेत. तिने फोटो जरा मोठा करून छापून द्यावा, नेहमीसारखा. मग तो कठडा धरत जिना उतरला, आणि उतरताना चक्क शीळ घालत होता. तिने त्याची शीळ शेवटची कधी ऐकली होती, तिला आठवेना.

तिने फोटो उघडला. धुक्यात खुंट, खुंटावर तांबडमान्या. क्षणभर तिलाच तो खरा वाटला. मोठा करत करत ती पायापाशी आली आणि तिथे तारेच्या टोकाचे स्क्रूसारखे आटे दिसले, चांगले पाच-सहा. तार आणखी बोटभर खाली ठोकली असती तर तेही दिसले नसते.

खरं म्हणजे काम सोपं होतं. फोटोतले डाग पुसणं हा तिचा हातचा मळ. आटे पुसता येतील का, एवढंच पाहू म्हणून तिने पुसले. चहा निवायच्या आत झालं. आता पाय पायासारखा दिसत होता, नि कुणाच्या बापाला कळलं नसतं. पक्षी काय, आज आहे उद्या नाही. रविवारी तळ्यावर कुणाला दिसला नाही तर उडाला म्हणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. दादा उरलेलं आयुष्य शीळ घालत जगेल.

पण मग तिला ती वही आठवायला लागली. चौतीस वर्षांत त्यात एक खोटी ओळ नव्हती. आता एक होती, आणि ती तिने कोरलेली होती. दादाला हसवत ठेवायचं तर त्याच्या वहीला कायमचं फसवायचं. तिला स्वतःचा राग आला, मग दादाचाही आला. पंधरा मिनिटं न हलणाऱ्या पक्ष्याचा संशय येऊ नये या माणसाला? दुपारी तिने दोन्ही फोटो छापले, पक्षी बुटांच्या खोक्यात घातला आणि निघाली.

वहिनीने दार उघडलं आणि नणंदेचा चेहरा पाहून न विचारता चहा टाकला. नकाशेबाईंनी टेबलावर आधी दोन फोटो ठेवले, मग खोकं उघडलं. सगळं सांगितलं, सोमवारपासून शेवाळापर्यंत. भिंग आणून दादाने एक फोटो पाहिला, मग दुसरा.

‘‘हे पुसलंस?’’

‘‘पुसता येतं का ते पाहत होते.’’

‘‘येतं,’’ दादा म्हणाला. ‘‘मग सांगायला कशाला आलीस?’’

‘‘तुझ्या वहीत खोटं राहिलं असतं, दादा. आणि ते मला रोज ठाऊक असतं.’’

वहिनीने कप ठेवले, तेही त्याला दिसले नाहीत. मग तो म्हणाला, की हल्ली त्याला स्वतःलाच शंका यायची. इतके लोक हसले तर तेच बरोबर असतील, आपणच काहीतरी भलतं पाहिलं असेल. काल तो खुंटावर दिसला तेव्हा वाटलं, नाही, आहे तो. ‘‘एक दिवस वाटलं,’’ तो म्हणाला. नकाशेबाईंच्या हौसेपायी म्हाताऱ्याचा जीव वर चढला आणि खाली आपटला होता.

त्याने पक्षी उचलला. उजेडात धरला, उलटा केला, मानेवरून अंगठा फिरवला.

‘‘बाकीचे पक्षी जवळ आले होते का?’’ त्याने विचारलं.

तिला आधी प्रश्न कळलाच नाही. मग तिने पर्समधून टिपणं काढली. बगळ्याने पहिल्याच दिवशी एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. बदकं चार हात लांबून गेली. मंगळवारी एक धोबी पक्षी येऊन शेजारी बसला, शेपटी हलवत राहिला, बुधवारी दोन आले.

‘‘म्हणजे मी आणि धोबी,’’ दादा म्हणाला. ‘‘बगळा शहाणा निघाला.’’ वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. दादाने वही काढली, गुरुवारच्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि शेरा लिहिला: लाकडी. नोंदणाऱ्याची चूक.

रविवारी सभेत तोच आधी उभा राहिला. नकाशेबाई मागच्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसली होती. दादाने लाकडी पक्षी टेबलावर ठेवला, आटे दिसणारा फोटो फिरवला आणि आपण पंधरा मिनिटं श्वास रोखून एका ठोकळ्याकडे कसे पाहत होतो ते थेंबही न गाळता सांगितलं. सगळे पोट धरून हसले. बहिणीला ते हसणं टोचत होतं, पण दादा शांत उभा होता. हसणं ओसरल्यावर मंडळातल्या सगळ्यात जुन्या बाईंनी पक्षी हातात घेतला, भुवईचा पट्टा निरखला आणि मागे वळून विचारलं, हा कशावरून केला? पुस्तकावरून?

‘‘नाही,’’ नकाशेबाई म्हणाली. ‘‘याच्या सांगण्यावरून. मी नाही पाहिलेला, दादाने पाहिलाय. एकोणिसाव्या वर्षी, याच तळ्यावर.’’

बाईंनी पक्षी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग तो खाली ठेवून त्यांनी पिशवीतून वही-पेन्सिल काढली आणि दादाला विचारलं, की पट्टा डोळ्याच्या मागे कुठवर जात होता, आणि महिना कोणता होता. शेजारच्या दोघांनीही वह्या उघडल्या. दादाने घसा साफ केला. तो सांगत गेला, आणि ते लिहून घेत गेले.