चव्वेचाळिसावा दाता

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. शाळेतल्या कुणाला नाही, माझ्या जीपमध्ये बसून निम्मा खानदेश फिरलेल्या मित्रांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका. पण आधी जीपबद्दल बोलू द्या. जीपचा विषय निघाला की मला थांबता येत नाही, हा माझा दोष गावभर ठाऊक आहे. दुसरा ठाऊक नाही.

मी सावद्याचा. हायस्कूलमध्ये गणित शिकवायचो. वडिलांची जुनी पेट्रोल जीप केळीच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. एक दिवस डोक्यात शिरलं — हिला डिझेल इंजिन बसवायचं, पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचा आणि सातपुड्यात न्यायची. झालं. त्या दिवसापासून मला झोप गोड लागेना. वर्गात फळ्यावर वर्तुळ काढलं तरी मला त्यात चाक दिसायचं.

सगळ्यांनी एकच नाव सांगितलं — धुळ्याचे नाना मिस्तरी. हायवेच्या कडेला पत्र्याचं गॅरेज, पंचाहत्तरी गाठलेला माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणार. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा सगळा उत्साह ऐकून घेतला आणि म्हणाले, "मशीन तं कोनी बी बसाडी, मास्तर. पन बठ्ठं एकमेकले मानाले जोयजे."

काय बोलले बघा. इंजिन कुणीही बसवेल, पण सगळ्या सामानाने एकमेकांना मानलं पाहिजे. पुढचे चार महिने मी दुसरं काही केलं नाही. इंजिनला गिअरबॉक्स जुळतो का? गिअरबॉक्सच्या शाफ्टला क्लचप्लेट बसते का? नवं इंजिन आखूड, मग मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट किती लांब करून घ्यायचा? दर रविवारी मी एसटीने धुळ्याला. सोयरीक जमवताना माणसं करत नाहीत एवढी चौकशी मी एका बेअरिंगची केली. आणि खरं सांगू, आयुष्यात एवढा आनंद मला कशानेच झाला नव्हता. क्लचप्लेट शाफ्टवर सरकत गेली, कुठे अडली नाही, तेव्हा मी आणि नाना दोघेही हसलो होतो.

शेवटी राहिली मागची क्राऊन-पिनियन. म्हणजे मागच्या चाकांमधली दात्यांची जोडी, एक मोठं चाक आणि एक छोटं. आमची झिजली होती, नव्या इंजिनाचा जोर तिला झेपला नसता. पुढच्या चाकांची जोडी चांगली होती. तिचे दाते नानांनी खात्री करून सांगितले होते — मोठ्याचे त्रेचाळीस, छोट्याचे आठ. मागचीही तशीच हवी. एकाही दात्याचा फरक चालणार नाही. का? चारही चाकांना ताकद दिली की पुढची चाकं एका वेगाने फिरायला बघतात, मागची दुसऱ्या, आणि दोन्हीकडे ताकद वाटून देणारी मधली पेटी पिळवटून फुटते. नानांनी मोजायची रीतही शिकवली होती. पहिल्या दात्याला खडू लावायचा, तोंडाने मोठ्याने म्हणायचं, आणि तीनदा मोजायचं. दोनदा नाही, तीनदा.

भुसावळला एका भंगारवाल्याकडे लिलावातल्या जीपचं सामान आल्याचं कळलं आणि मी धावलो. ढिगात ती जोडी होती. तेल लावून जपलेली, दाते आरशासारखे लखलखीत. पहिल्या दात्याला खडू लावला आणि तोंडातून आपोआप निघालं — लाभ.

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. माझे वडील तसेच मोजायचे. मी लाभ म्हणालो, आणि पुढच्या दात्याला — दोन म्हणायचं ना? — मी एक म्हणालो. गणिताचा मास्तर. मोठ्याचे आले त्रेचाळीस. छोट्यालाही तसंच, लाभ, एक, दोन — आले आठ. हवा तोच आकडा आला. मग परत मोजतो कोण?

नानांना तिथूनच फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "कितला दाव मोजात?"

तीनदा, मी म्हणालो.

ही पहिली खोटी गोष्ट. पण कबूल करायला मी बसलोय ती ही नाही. असलं खोटं तर उत्साहात कुणीही बोलतं, तुम्हीही बोलला असाल.

मास्तरने तीनदा मोजलंय म्हटल्यावर नानांनी पुन्हा बघितलं नाही. जोडी बसली. जीप धुळ्याच्या रस्त्यावर अशी पळाली की मी स्टिअरिंगवर हात आपटत होतो. रस्त्यावर ताकद फक्त मागच्या चाकांना, तिथे काय कळणार? पुढच्या रविवारी सातपुड्याच्या पायथ्याला गेलो. सोबत चार मित्र, आणि शेजारी नाना, धुतलेला सदरा घालून. नाल्याच्या वाळूत चारही चाकांना ताकद देणारा दांडा टाकला, जीप डुलत डुलत पार झाली. मित्रांनी शिट्ट्या मारल्या. तसाच मी पलीकडच्या खडकाळ चढाला लागलो. वाळूत चाकं घसरून फरक पचवतात, खडकावर घसरणार कुठे? जीप कण्हायला लागली. मग खालून तोफेसारखा आवाज झाला, आणि काळं तेल दगडांवरून वाहत गेलं. पेटी फुटली होती.

शिट्टी मारणारे तेच, हसणारेही तेच. म्हातारा आता थकला म्हणाले, नानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. नाना खाली वाकून पेटी चाचपत राहिले.

ट्रॅक्टर आणि टेम्पो करून जीप धुळ्याला आणली. नानांनी मागचं सगळं खोललं, जोडी बाकावर ठेवली. मान खाली घालून पाहिलं, पण त्यांना धड दिसत नव्हतं. हातातला खडू त्यांनी माझ्यापुढे धरला. मोजा मास्तर, म्हणाले.

मी मोजायला लागलो, मोठ्याने. लाभ, दोन, तीन. या वेळी बरोबर. आणि दहा-बाराला पोचेपर्यंत मला भुसावळची ती दुपार लख्ख आठवली. लाभ, एक, दोन. आता मोठ्याचे चव्वेचाळीस येणार, छोट्याचे नऊ येणार, आणि हा माणूस मला विचारणार, तीनदा मोजलं होतं ना? बाहेर मित्र उभे होते. गणिताचे सर दाते मोजायला चुकले, हे संध्याकाळपर्यंत शाळेत पोचलं असतं.

मग मी काय केलं? सतरा म्हणताना बोट दोन दात्यांवरून नेलं.

शेवट त्रेचाळीसवर झाला. छोट्याचे आठ केले, तसेच. हे चुकून नाही झालं. थंड डोक्याने, एका आंधळ्या होत चाललेल्या माणसासमोर, त्यानेच दिलेला खडू हातात धरून केलं. नाना ऐकत होते, प्रत्येक आकड्याला मान हलवत होते. मोजून झाल्यावर त्यांनी हात फडक्याला पुसले. मग स्वतःच्या तळहाताकडे बघत म्हणाले, "तं मंग मना हात चुकना."

पेटी बसवताना आपलाच हात चुकला, असं त्यांनी धरलं. दुसरं काय धरणार होते? मोजणी तर बरोबर होती. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. तोंड उघडायचं होतं फक्त. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

त्या महिन्यात त्यांनी काम बंद केलं. आता कुणाची गाडी बिघडवायची नाही, म्हणाले. हत्यारं वाटून टाकली. पाने, पकडी, सगळं. मी जीप जळगावला नेली, गुपचूप त्रेचाळीस-आठची दुसरी जोडी शोधली — यावेळी पाचदा मोजून — आणि नवी पेटी बसवून घेतली. जीप आजही अशी चालते की काय सांगू. परवाच तिला चढावर घातली, माझं वय विसरलो मी. आणि जो भेटतो तो म्हणतो, धुळ्याच्या नानांना जमलं नाही ते जळगाववाल्याने करून दाखवलं. मी हसतो. प्रत्येक वेळी.

याला सहा वर्षं झाली. नाना आहेत. गेल्या दिवाळीत जीप घेऊन त्यांच्या दारात गेलो होतो. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, छान दिसतं आता. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी इंजिन ऐकलं, खूश झाले. मग अगदी सहज, कुठलाही संशय नाही, म्हणाले, "ती जुनी जोडी शे का तुमनाकडे? आते माले दिसस. एकदाव मी बी मोजी लेसू."

भंगारात दिली नाना, मी म्हणालो.

ती माझ्या कपाटात आहे, दहावीच्या पुस्तकांच्या मागे, फडक्यात गुंडाळलेली. पहिल्या दात्यावरचा खडू अजून पुसला नाही. आत्ता लिहायला बसण्याआधी काढून मोजली. लाभ, दोन, तीन. चव्वेचाळीस. छोट्याचे नऊ.