मालकाच्या दाताखालचा टोस्ट

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी रमजान आतारने भट्टीतून निघालेल्या पहिल्या ट्रेमधला टोस्ट उचलला, फुंकर मारली आणि समोरच्या दातांत धरून चावला. कराडच्या बाजारपेठेमागच्या त्या बेकरीत या वेळी कुणी बोलत नाही. मालकाच्या दाताखालून गेल्याशिवाय टोस्ट डब्यात जात नाही, ही रमजानच्या वडिलांनी घातलेली शिस्त आहे. रमजानने डोळे मिटले, ओठ आवळले आणि तोंडातला तुकडा हातावर काढला.

"लय कडक. काढ समदं भाईर."

"भाई, कालच्यापरास आज कमीच भाजलाय," शोएब म्हणाला. शोएब त्याचा धाकटा भाऊ. भट्टी तोच सांभाळतो.

"मला शिकवतो व्हय? तंबाखूनं तुझ्या जिभंचं कातडं झालंय. काढ म्हटलं की काढायचं."

शोएबने ट्रे काढले.

माणसं कशी खातात यावरून त्यांची लायकी ठरवायची, ही रमजानची जुनी खोड. टोस्ट चहात बुडवणारा आणि तोंडाचं बोळकं झालेला म्हातारा यांच्यात त्याला फरक दिसत नसे. क्रीमची बिस्किटं खाणारे तर त्याच्या हिशेबी माणसांत जमाच नव्हते. उसाचं कांडं दातानं सोलणारा, मटणाची नळी फोडून खाणारा, तो गडी. बाकीचे भातखाऊ.

अशा या माणसाच्या दातांना वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तारा बसल्या. हौस म्हणून नव्हे. वरचे दोन दात खालच्या दातांवर आपटून झिजले होते आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टर संयोगिता निकम यांनी स्पष्ट सांगितलं, की असंच चालू राहिलं तर पन्नाशीत हे दोन्ही दात हातात येतील. रमजान घाबरला आणि खुर्चीत बसला. तारा आवळून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "तीन-चार दिवस दात ठणकतील, हलल्यासारखे वाटतील. दात सरकवायचे म्हणजे ते थोडे सैल होणारच. मऊ खा, मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरा, तार टोचली तर हे मेण लावा. समोरच्या दातांनी काही तोडायचं नाही. टोस्ट तर अजिबात नाही."

हा सल्ला रमजानला बायकी वाटला. बेकरीत त्याने तो कुणाला सांगितलाच नाही.

घरी त्याची बायको जैनब तांदळाचं खिमट करायची, दुधात भाकरी कुस्करून द्यायची. रमजान ताटाकडे असा बघायचा, जणू दुसऱ्याच कुणाचं ताट त्याच्यापुढे आलंय. दुसऱ्या रात्री त्याने हट्टाने मटणाची नळी उचलली. दाताखाली धरली तसा वरचा दात मुळापासून हलल्याचं त्याला जाणवलं. नळी खाली ठेवून तो म्हणाला, "मटान शिळं हाय." मटण दुपारीच आणलेलं होतं. जैनबने ते पोरांना वाढलं. चुळा तो मोरीचं दार लावून भरायचा आणि तोंड दाबून परत यायचा.

तारा बसल्याच्या चौथ्या दिवशी, पहाटे ते ट्रे बाहेर काढायला लावले त्याच दिवशी दुपारी, साताऱ्याहून लालासाहेबांचा फोन आला. लालासाहेब घोरपडे हे निवृत्त सुभेदार. एसटी स्टँडजवळ त्यांचं चहाचं हॉटेल आहे आणि रमजानचा निम्मा माल तिथेच खपतो.

"रमजान, गड्या, ह्यो टोस्ट हाय का भिजल्यालं पायताण?"

"हवा पावसाळी हाय, सुभेदार. तुमी डबा उघडा ठिवला असंल."

"मला डबा झाकाय शिकवतो व्हय रं? माल परत धाडलाय. उद्याचा बी असाच आला तर परवापास्नं शिरवळवाल्याचा घीन."

शिरवळवाला म्हणजे रमजानच्या मते पावात पिवळा रंग घालून तो वाळवणारा माणूस. फोन ठेवून रमजानने आधी मैद्याला शिव्या दिल्या, मग हवेला, मग शोएबला.

संध्याकाळच्या एसटीने डबे परत आले. टोस्ट दोनदा भाजतात: आधी पाव, मग दुसऱ्या दिवशी कापलेले काप. दुसऱ्या भाजणीत आतला ओलावा गेला नाही, तर दोन दिवसांत टोस्ट सादळतो. डबे भरणं हे जैनबचं रोजचं काम. तिने परत आलेला एक टोस्ट चावून बघितला. काही आवाज आला नाही. मग सकाळी रमजानने 'कडक' म्हणून बाहेर काढायला लावलेल्या मालातला एक चावला.

"आवं, ह्यो तर कच्चाच हाय."

"कच्चा? सकाळी धोंडा व्हता धोंडा!"

"टोस्ट धोंडा न्हवता. तुमचं दात दुखत्यात. दुखऱ्या दाताला केळं बी धोंडाच लागतंय."

शोएबने हसू दाबायचा प्रयत्न केला. त्याला ते जमलं नाही.

रमजानने तिच्या हातातला टोस्ट हिसकावला आणि सगळा जोर लावून चावला. टक् असा आवाज आला.

"आवाज आला की, भाई!"

"टोस्टचा न्हाई," जैनब म्हणाली. दातावरचं ब्रॅकेट निखळून तारेला लोंबत होतं. रमजानच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते वेदनेचं आहे हे लपवायला त्याच्याकडे सबब उरली नव्हती.

"मग उद्या चावायचं कुणी?" तो शोएबकडे बघत कसाबसा बोलला. "ह्यानं? ह्याला गूळ आन् चुना यकच."

"मी चावते."

"बायकांनी ट्रे चाखायचा न्हाई. अब्बांच्या वक्तापास्नं न्हाई."

"अब्बांच्या तोंडात तारा न्हवत्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे जैनबने पहिला ट्रे दोनदा परत भट्टीत घालायला लावला. रमजान बाजूला उभा राहून "जळतंय, जळतंय" म्हणत होता. ती शोएबशी बोलत होती. तिसऱ्यांदा तिने टोस्ट चावला तेव्हा त्याचा आवाज दारापर्यंत गेला. मग डबे भरले गेले आणि साताऱ्याच्या गाडीत चढले.

दुपारी फोन आला. "आता कसं! आमच्या म्हाताऱ्या फौजींनी चावला आन् समदं हाटेल वाजाय लागलं," लालासाहेब म्हणाले. "आज कुणी हात लावला रं?"

रमजानचं उत्तर बेकरीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"भट्टी माजीच हाय न्हवं, सुभेदार?"

जैनबने डब्याची सुतळी दातांनी तोडली आणि पुढचा डबा घेतला.

उद्या पहाटेचा पहिला ट्रे पाच वाजून दहा मिनिटांनी निघेल आणि जैनब तो चावून बघेल. रमजानला अकरा वाजता डॉक्टर निकमांच्या दवाखान्यात ब्रॅकेट पुन्हा चिकटवून घ्यायला बोलावलं आहे.