गच्चीवरची हाक

गझालाने सबंध वाळवंटात दोनच गावे पाहिली, आणि त्या दोन्हींचे नाव गदामिसच. एक जुने, एक नवे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना दोन्ही हिंडवून आणतात आणि हटकून विचारतात, "कुठलं आवडलं?" पाहुणे म्हणतात जुने, आणि झोपायला नव्यात जातात, कारण तिथे नळ आहे, दिवा आहे. गझालाला हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. घर बदलले त्या आठवड्यात तिच्या नवऱ्याने एकदाच विचारला, आणि पुढे बरेच दिवस करपलेली भाकर मुकाट्याने खाल्ली. बिचारा पुढच्या थंडीत गेला.

जुन्या गदामिसात खालचे रस्ते पुरुषांचे आणि वरच्या गच्च्या बायकांच्या. खाली झाकलेले, गार, काळोखे बोळ. वर ऊन, आभाळ आणि गच्चीला लागून गच्ची. चूल वर, उसनेपासने वर, सोयरिकी वर जमायच्या आणि वरच मोडायच्या. खालच्या चौकात पुरुष मोठ्या तोऱ्यात जे ठरवायचे, ते बहुतेक आदल्या दिवशीच वर ठरलेले असायचे. गझालाचे सासर तस्को गल्लीत. तिथून माहेरी ती जमिनीला पाय न लावता जायची, डोक्यावर पीठ, पोटात सनूसी, आणि तोंडात अर्धवट राहिलेली कुणाची तरी निंदा. सगळ्या गावाची वाट तिच्या पायांना पाठ होती.

त्या वरच्या गावाचा एकच कायदा होता: गच्चीवरची हाक परतवायची नाही. कुणाचीही असो, गावाच्या आपल्या अर्ध्यातली असो की एकमेकांकडे न जेवणाऱ्या पलीकडच्या अर्ध्यातली, हाक ऐकली की जशीच्या तशी पुढच्या गच्चीवर द्यायची. भांडण असेल तर मागाहून करायचे. आणि बाळ जन्मले की पहिल्याच संध्याकाळी आजीने त्याला गच्चीवर नेऊन चारी दिशांना दाखवायचे. तोवर बाळ नुसते घरचे असते, दाखवल्यावर गावचे होते.

मग सरकारने तटाबाहेर नवी घरे बांधून दिली. घरे चिठ्ठ्या टाकून वाटली, त्यामुळे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या ताटात हात घातला नव्हता ते एकमेकांच्या दारासमोर राहायला आले. घर म्हणाल तर एकासारखे दुसरे. पांढरी भिंत, हिरवे दार, चारी बाजूंनी मोकळा रस्ता. गच्ची होती, पण प्रत्येकाची वेगळी, छातीएवढ्या कठड्याची, आणि तिच्यावर काय, तर पाण्याची टाकी. गझाला पहिल्या दिवशी वर गेली, चारी कठडे हाताने चाचपले आणि खाली येऊन म्हणाली, "ही गच्ची नाही, हौद आहे." तरी रोज संध्याकाळी ती वर जायचीच. काय करायची, तर काही नाही, उभी राहायची.

शेजारीण मिळाली ती जरासान गल्लीची हलूमा. जरासान पलीकडच्या अर्ध्या गावातली. हलूमाला मूलबाळ नव्हते. एकदा तिच्या धुण्याचे पाणी वाहत गझालाच्या उंबऱ्याशी आले. झाले! गझालाच्या जिभेला आधीच हाड नव्हते. ती भर दारात ओरडली, "वांझोट्या घरचं पाणी ते! जिथं जाईल तिथं गवतसुद्धा उगवायचं नाही!" हलूमाने बादली उचलली, आत गेली, दार लावून घेतले. गझालाने तेव्हाच जीभ चावली, पण बोलून झाल्यावर जीभ चावून काय उपयोग. माफी मागायला मात्र तीच जीभ वळेना. दोन वर्षे झाली, दोघींत शब्द नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून वारा गरम होता. दक्षिणेचा धुळीचा वारा, गिब्ली, सुटणार अशी लक्षणे होती. नवी घरे दुपारी भट्टीसारखी तापतात, म्हणून पुरुष जेवणे आटोपली की जुन्या गावात जातात, आपापल्या खजुराच्या बागांत किंवा गार बोळांत पथारी टाकून घोरायला. बायकांनी तिथे जायचे नाही, कारण बोळ पुरुषांचे. गच्च्यांवर जायचे नाही, कारण घरे रिकामी. म्हणजे उकडत नव्या घरात बसायचे. हा न्याय कुणी केला कोण जाणे, पण तो बाईने केलेला नव्हता एवढे नक्की.

मुलगा सनूसी गाडीची किल्ली घेऊन निघाला तेव्हा त्याची बायको मस्तूरा भिंतीला टेकून बसली होती. दिवस भरत आले होते, पण भरले नव्हते.

"पाठ दुखतेय," ती म्हणाली.

"उकाड्यानं सगळ्यांचीच दुखतेय," सनूसी म्हणाला. "आई, खजूर पाडायचेत. संध्याकाळी येतो."

"जा बाबा, झोप नीट," गझाला म्हणाली. "उशी घेतलीस ना खजूर पाडायला?"

गाडी गेली आणि थोड्याच वेळात मस्तूराने गझालाचे मनगट असे धरले की बांगडी वाकली. पहिलटकरीण, वेळ लागेल, गझालाने मनाशी म्हटले. पाणी तापत ठेवले, हिंगाचा तुकडा शोधला, देवाचे नाव घेतले. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, गाडी बागेत, आणि घरात फोन अजून आला नव्हता. पण घाबरण्यासारखे काही नव्हते. तिने स्वतः तीन वेळा हे भोगले होते.

मग तिने पाहिले, आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. डोके नव्हते. एवढासा पाय होता, निळसर, टाच पुढे.

गझालाची थोरली बहीण अशीच गेली होती. सुईण पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. असे अडलेले पोर वळवून काढणारा हात गदामिसात एकच होता, तिब्रा मावशीचा, आणि तिब्रा मावशी नव्या गावात कुठेतरी राहत होती. कुठे ते गझालाला माहीत नव्हते. ती एकदाच गेली होती, सनूसीच्या गाडीतून, काचा बंद करून.

"आत्या, काय झालं? तुमचं तोंड असं का झालं?"

"काही नाही पोरी. जोर लावू नकोस. मी सांगेपर्यंत लावायचा नाही. मी मावशीला आणते."

"मला टाकून जाऊ नका!"

"आलेच."

गझालाने ओढणी तोंडावर घेतली आणि दार उघडले. भर दुपारी, उघड्या रस्त्यावर, एकटी. साठीला आलेली बाई, पण असे आयुष्यात कधी केले नव्हते. वाऱ्याने धुळीचा लोट उठवला होता. पांढरी भिंत, हिरवे दार. पांढरी भिंत, हिरवे दार. ती वळली, पुन्हा वळली. एक दार ठोठावले, उघडले नाही. दुसऱ्या दाराला कुलूप होते. मग धूळ एवढी दाटली की आपण कुठून आलो तेच कळेना. जिच्या पायांना एक सबंध गाव पाठ होते ती बाई घरापासून हाकेच्या अंतरावर वाट चुकून भिंतीला हात लावून उभी राहिली. तिला रडू आले, आणि रडण्याचा रागही आला. शेवटी मस्तूराची किंकाळी ऐकू आली, तिच्या मागावर ती घरी परतली.

पाय तसाच होता. मस्तूराचे ओठ पांढरे पडले होते.

गझाला जिन्याकडे पळाली. विचार करून पळाली असे नाही. संकट आले की वर पळायचे, एवढेच तिच्या हाडांत होते. वर पोहोचून कठड्याला धडकली तेव्हा तिला भान आले, इथून कुठे जाणार? समोर नुसता रस्ता. हौदात पडलेल्या मांजरासारखी ती एका कठड्यावरून दुसऱ्याकडे धावली. मग धुण्याचे टोपले पालथे घातले, त्यावर चढली, आणि ऊर फुटेस्तोवर ओरडली,

"तिब्राss! तस्कोची गझाला हाक देतेय! पाय पुढं आलाय, तिब्राss!"

वाऱ्याने हाक तोंडातच परत कोंबली. दातांत वाळू करकरली. तिने पुन्हा हाक दिली. पुन्हा.

रस्त्यापलीकडच्या गच्चीवर काहीतरी हलले. हलूमा वाळत घातलेल्या चादरी काढायला वर आली होती. कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून ती तशीच उभी राहिली आणि गझालाकडे पाहू लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा दोघींची नजर भिडली.

गझालाच्या मनात आले, हिने आता तोंड फिरवले तर? आणि फिरवले तर कुठल्या तोंडाने बोल लावू? वांझोटी म्हणाले मी हिला. आता पोर माझे अडले आहे.

"हलूमा," ती म्हणाली. ओरडली नाही, पण ओठ हललेले पलीकडे दिसले असतील.

हलूमाने गठ्ठा खाली टाकला. वाऱ्याने वरची चादर उचलली आणि पतंगासारखी नेली. हलूमाने पाठ फिरवली. गेली. चालली खाली.

पण हलूमा जिन्याकडे वळली नाही. ती पलीकडच्या कठड्यापाशी गेली, त्यावर दोन्ही हात रोवले, आणि भसाड्या, न वापरलेल्या आवाजात तिने हाक दिली,

"तिब्राss! तस्कोची गझाला हाक देतेय! पाय पुढं आलाय!"

जशीच्या तशी. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

थोडा वेळ नुसता वारा. मग लांबून, धुळीच्या आडून, एक म्हातारा आवाज आला, "तिब्राss! तस्कोची गझाला..." त्याच्यापुढे आणखी एक, बारीक. मग तोही वाऱ्यात विरला. हाक पोहोचली की मध्येच पडली, हे कळायला मार्ग नव्हता. गझाला खाली धावली.

मस्तूराचे डोके मांडीवर घेऊन ती बसली. "जोर लावू नको. फुंकर घाल, पोरी, फुंकर घाल. चहा निववतेस तशी." बाहेर उजेड तांबूस झाला. दार वाऱ्याने हलले की गझालाचा जीव दाराकडे जायचा, आणि प्रत्येक वेळी वाराच असायचा. हाक पोहोचली तरी म्हातारी या धुळीत कशी येणार? मीच चार घरांत चुकले. मस्तूराचा हात सैल पडू लागला होता.

"आत्या, मी मरतेय का?"

"मरायची परवानगी कुणी दिली तुला? अजून सासूशी एकदाही भांडली नाहीस."

मग दार वाजले, आणि हा वारा नव्हता. दारात तिब्रा मावशी होती, भुवयांपासून पायांपर्यंत धुळीने माखलेली, आणि तिचा हात धरून हलूमा.

"बाजूला हो," मावशी म्हणाली. "रडायचं नंतर. तू पाय धर. आणि तू गं, जरासानची, हिच्या पाठीशी बस, घट्ट धर. हात कापत नाहीत ना तुझे?"

"नाही," हलूमा म्हणाली. ते खोटे होते.

मावशीने तेलात हात बुडवले. पुढचे गझालाला पुढे कधी धड आठवले नाही. मस्तूरा हलूमाच्या छातीवर मागे रेलली होती आणि हलूमा तिच्या कानात एकसारखे काहीतरी पुटपुटत होती. मावशी एकदाच म्हणाली, "आता. आता लाव." बाळ आले, ते निळे आणि गप्प. मावशीने त्याला पालथे धरले, पाठ चोळली, तोंडातले बोटाने काढले, पुन्हा चोळली. गझालाला बहिणीच्या घरातली ती शांतता आठवली.

आणि मग बाळ कोकरासारखे किरकिरले. एकदा, आणि मग चांगले रागावून.

"पोरगी," मावशी म्हणाली. "आवाज आजीवर गेलाय. देव नवऱ्याला शक्ती देवो."

"मावशी, घर सापडलं कसं?" गझालाने डोळे पुसत विचारले.

"मी कुठं शोधलं? बाहेर बघ जाऊन."

गझालाने दार उघडले. वारा पडत आला होता. हलूमाच्या दारापाशी, पुढच्या कोपऱ्यावर, त्याच्या पुढच्या वळणावर, जिथवर नजर जात होती तिथवर, बायका उभ्या होत्या. ज्या ज्या गच्चीवरून हाक पुढे गेली त्या त्या घरची बाई खाली उतरली होती आणि भर रस्त्यावर, धुळीत उभी राहून म्हातारीला या हातातून त्या हातात पुढे देत आली होती. आणि एकही घरी गेली नव्हती. हाक आणली की उत्तर घेऊनच जायचे असते. रस्त्याच्या तोंडाशी सनूसीची गाडी थांबली होती, मागे आणखी दोन. पुरुष खाली उतरून भिंतीकडे तोंड करून उभे होते. हा रस्ता कुणाचा हे त्यांना न सांगता कळले होते.

गझाला आत आली. हलूमा बाळाकडे पाहत होती, हात मांडीखाली दाबून.

"हलूमा, त्या दिवशी मी जे बोलले..."

"माझी चादर गेली," हलूमा म्हणाली. "चांगली होती. ती आधी शोधून दे."

गझालाने बाळ कापडात गुंडाळले आणि तिच्यापुढे धरले. "संध्याकाळ झाली. हिला वर नेऊन दाखव."

हलूमाचा चेहरा उतरला. "ते आजीचं काम. आणि माझ्या हातानं? माझ्या?"

"तुझ्याच. घे लवकर, जड आहे."

हलूमाने घेतले. जिना चढताना ती एकेका पायरीवर थांबत होती, काचेचे भांडे नेत असल्यासारखी. कठड्यापाशी तिने बाळ वर उचलले. खाली सगळ्या माना वर झाल्या. हलूमाने तोंड उघडले, पण आवाज फुटेना. गालावरच्या धुळीतून पाणी ओघळले.

तेव्हा गझाला टोपल्यावर चढली, आणि तिच्या वतीने तिनेच हाक दिली,

"ऐका गंss! जरासानची हलूमा सांगतेय, मुलगी झालीss!"

खालच्या बाईने ती पुढच्या कोपऱ्यावर दिली, जशीच्या तशी.