वेम्बलीचा घोडा, पंचवटीची घोडी

घोडी मैदानाच्या मधोमध उभी होती आणि हलायला तयार नव्हती. तिच्याभोवती शे-दोनशे माणसं सेल्फी काढत होती. घोडीवर पोलिसाच्या वेशात आमच्या क्लायंटचा मेहुणा बसला होता आणि शिट्टी वाजवून थकला होता.

मी नाशिकमध्ये इव्हेंट मॅनेजमेंट करते. म्हणजे कल्पना दुसऱ्याची, निस्तरायचं आपण. क्लायंट होते वाघचौरे साहेब. पिंपळगावला द्राक्षाचं पॅकहाऊस. मुलींची फुटबॉल टूर्नामेंट त्यांनी भरवली, ही चांगली गोष्ट. पण त्यांनी कुठेतरी वाचलं, की शंभर वर्षांपूर्वी लंडनला वेम्बलीच्या पहिल्या कप फायनलला एवढी गर्दी लोटली, की माणसं थेट मैदानात उतरली. शेवटी घोडेस्वार पोलिसांनी ती मागे सारली आणि मग सामना झाला. त्यातल्या एका पांढऱ्या घोड्याचं नाव आजही घेतात.

"आपल्या फायनलला तोच सीन पाहिजे," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, घोडा राखाडी होता, जुन्या फोटोत पांढरा दिसतो. ते म्हणाले, पांढराच आणा. गर्दी मी देतो.

घोडी मिळाली पंचवटीच्या दगूभाऊंची, लग्नाच्या वरातीतली. ठरल्याप्रमाणे पॅकहाऊसची माणसं मैदानात उतरली. त्यांचं पाहून खरे प्रेक्षकही उतरले. ते काही ठरलं नव्हतं. आणि घोडी गर्दीत जाऊन शांतपणे थांबली.

"दगूभाऊ, हाकला की तिला."

"म्याडम, ती कुणाला धक्का नाय देत," दगूभाऊ म्हणाले. "समोर माणसं आली का थांबायचं, हेच शिकवलंय. माणसं सरकली का ती सरकती. म्हणून तर लग्नाला बोलावत्यात."

कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे मी काय करणार? वरातीची घोडी बुक करताना ती वरातीसारखीच वागेल, एवढं तरी मला सुचायला हवं होतं. माइकवरून विनंती केली, कोणी ढुंकून पाहिलं नाही. साहेब मात्र खुश. ड्रोनवाल्याला अजून खाली ये म्हणून खुणावत होते.

तेवढ्यात रेफरी आले. दिवस कलला होता आणि मैदानाला लाइट नव्हते. लगेच सुरू झालं नाही तर सामना रद्द, कप दोन्ही टीमना वाटून, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या मागे एकलहऱ्याच्या टीमची कॅप्टन उभी होती. बारावीतली मुलगी. घरी कबूल केलेलं, हा शेवटचा सामना, मग फक्त अभ्यास.

"मॅडम, वाटून नको," ती म्हणाली. "आम्हाला खेळायचंय."

तिच्याकडे बघून मला साहेबांचा असा राग आला, की त्यांना न विचारताच मी बँडवाल्यांकडे गेले. ते बक्षीस समारंभासाठी येऊन बसले होते. त्यांना म्हटलं, वरातीचं वाजवा आणि वाजवत गेटबाहेर चला.

ढोल वाजला आणि माणसं नाचायला लागली. बँड सरकला तशी माणसं सरकली, माणसं सरकली तशी घोडी. वरात गेटबाहेर पडली आणि मी गेट लावून घेतलं. मेहुणे परत आत येतो म्हणत होते. घोडी त्यांना घेऊन चौकापर्यंत गेली. सामना सगळ्यांनी जाळीबाहेरून पाहिला.

एकलहऱ्याच्या मुली एका गोलने हरल्या. कॅप्टन ढसाढसा रडली. मलाही वाईट वाटलं. मग तिनेच डोळे पुसले आणि विचारलं, "ती फ्री किक आमची होती ना, मॅडम?" रेफरींशी त्यावर ती अंधार पडेपर्यंत भांडत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. व्हिडिओत घोडी गर्दी हटवताना दिसतच नाही, गर्दीमागून जाताना दिसते, याला काय अर्थ आहे?

मी म्हटलं, साहेब, वेम्बलीला गर्दी झाली म्हणून घोडा आणला होता. आपण घोडा आणला म्हणून गर्दी केली.

ते म्हणाले, "बरं, पुढच्या वर्षी दोन घोडे घ्या."