चादरीच्या मागून पाहिलेला सिनेमा

वानखडे सरांच्या साठीच्या गौरवग्रंथात माझं पान कशाला, हे संपादकांनाच विचारा. मी चौथी शिकलेली. रामदासपेठेतल्या ज्या हॉलात सरांची फिल्म सोसायटी भरायची, तिथे मी झाडलोट करायची. पहिल्याच रविवारी सर पडदा म्हणून बांधायला पांढरी चादर घेऊन आले आणि म्हणाले, "शेवंताबाई, हिच्यावर एक सुरकुती नको. सुरकुती पडली की हिरोचं नाक वाकडं होते." तेव्हापासून चादर धुणं, इस्त्री करणं, ताणून बांधणं माझ्याकडे. सिनेमा संपला की सर स्वतः सतरंज्या झटकायला लागत. कॉलेजातले प्रोफेसर, पण मला कधी "तू" म्हटलं नाही.

आता लाजेची गोष्ट. एका दुपारी मी चादरीच्या मागून डोकावले. अंधारी खोली, सिगारेट ओढणारी बाई, भिंतीवर सावल्या. दोन मिनिटं पाहिलं आणि हॉलाच्या सेक्रेटरींना जाऊन सांगितलं, "साहेब, सर गंदे सिनेमे दाखवून राहिले." पुढच्या रविवारी हॉलाला कुलूप.

कोणी सांगितलं, हे सरांनी विचारलंही नाही. सिनेमा स्वतःच्या घरच्या बैठकीत नेला, आणि चादर धुवायला माझ्याकडेच दिली. वर मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. तोच सिनेमा.

"सर, इतका अंधार काहून? बल्ब गेला का यांच्या घरचा?"

सर हसले. "याले फिल्म न्वार म्हणतात, बाई. फ्रेंच शब्द आहे, काळा सिनेमा. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत फ्रान्समध्ये अमेरिकेचे सिनेमे येत नव्हते. लढाई संपल्यावर एकदम आले. तिथल्या समीक्षकांनी लागोपाठ पाहिले, तर सगळ्यांत तोच अंधार, तोच गुन्हा, तशीच फसत जाणारी माणसं. तेव्हा हे नाव पडलं. बनवणाऱ्यांना ते ठाऊकही नव्हतं. ते आपले गुन्ह्याच्या गोष्टी काढून राहिले होते."

"म्हणजे पाहणाऱ्यांनी ठरवलं?"

"हो. पण सिनेमे पुरते पाहून."

सर सहज बोलले, माझी मान खाली गेली. मी फक्त त्या बाईची सिगारेट पाहिली होती. तिच्या नादाने बुडालेला माणूस आणि शेवटी बुडालेली ती, हे पाहिलंच नव्हतं.

चुगली मी केली, हे सरांना आजवर सांगितलं नाही. तोंडाने जमलं नाही, म्हणून लिहून देते. संपादक म्हणाले, सरांचा मोठेपणा लिहा. हाच तो. हॉल बंद पाडणारीला त्यांनी पुढची खुर्ची दिली.

सरांनी शंभरी गाठावी, डोळे शाबूत राहावेत, गुडघ्यांनी त्रास देऊ नये. चादर धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे. हे वाचूनही बांधायला बोलावलं, तर येईन. नाही बोलावलं, तर चादर पाठवून देईन.